मानमोडी

इंदूरहून निघालेला रस्ता नर्मदा ओलांडतो, असीरगडाला वळसा घालून सातपुडा उतरतो, बुऱ्हाणपूरला तापीच्या पलीकडे जातो आणि तिथून वीसेक किलोमीटरवर इच्छापूरला मध्य प्रदेश संपतो. रस्ता तसाच पुढे मुक्ताईनगरला जातो, पण सरकारदरबारी त्या महामार्गाला इंदूर-इच्छापूर असंच म्हणत आले. गावालगतच्या टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात खानदेशातली माणसं तिथे लोटतात. त्यांच्या लेखी ही दुसऱ्या राज्याची देवी नाही. इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी, शेतात केळी आणि अंगणात कोंबड्या.

मार्च २००६ च्या अखेरीस, पाडव्याच्या तोंडावर, याच गावात सरकारी पथकं उतरली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, डोळ्यांवर चष्मे, तोंडाला मास्क. गावातल्या मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते आणि त्यांत एच५एन१ हा विषाणू सापडला होता. बर्ड फ्लूची ती पहिली भारतीय साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सुरू झाली आणि जळगाव जिल्हा पार करून बुऱ्हाणपूरच्या सीमेवरच्या या गावापर्यंत आली. नवापूर रंगावलीच्या काठी आहे आणि रंगावली तापीला मिळते. रोग खालून वर, नदीच्या उलट दिशेने चढत आला होता.

त्या सहा आठवड्यांची गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. कोंबडी मेली की तिच्या मालकाच्या घरी कुणाला ताप आहे का, हे आपल्याकडे दारोदार जाऊन, नकाशावर वर्तुळं आखून विचारलं गेलं ते या साथीत. माणसाच्या रोगाचा उगम गोठ्यात आणि खुराड्यात शोधायचा, तोही माणूस आजारी पडायच्या आधी, हा धडा आपण तापीच्या खोऱ्यात गिरवला.

नवापूर हे गाव तेव्हा अंड्यांसाठी प्रसिद्ध होतं. पन्नासच्या आसपास पोल्ट्री, लांबच लांब शेड, पिंजऱ्यांत अंड्यावरच्या कोंबड्या. इथली अंडी गुजरातेत आणि महाराष्ट्रात जात. गावाच्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला या शेडमध्ये कोंबड्या मरायला लागल्या. रोज थोडीफार मर सगळ्याच पोल्ट्रीवाल्यांच्या हिशेबात धरलेली असते. ही मर मात्र शेकड्यांवरून हजारांवर गेली.

लोकांनी तिला ओळखीचं नाव दिलं : राणीखेत. या रोगाला कुमाऊंतल्या त्या गावाचं नाव मिळालं, कारण १९२७ च्या सुमारास तो आपल्याकडे तिथे ओळखला गेला. गावाकडे त्यालाच मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान मुरगळते, ती गोल गोल फिरते, हिरवट हगते आणि पडते. यावर लस आहे, ‘लासोटा’ हे तिचं नाव प्रत्येक पोल्ट्रीवाल्याच्या तोंडी असतं. लस दिलेल्या कळपात एवढी मोठी मर का व्हावी, हा प्रश्न तिथेच उभा राहायला हवा होता. बर्ड फ्लूत कोंबडीचा तुरा जांभळा-निळा पडतो, पायांच्या नळ्यांवर रक्त साकळतं, आणि बऱ्याचदा लक्षण दिसायच्या आत ती मरते. पण नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला दोन्ही रोग सारखेच भासतात. त्यातून राणीखेत म्हटलं तर धंदा वाचतो आणि बर्ड फ्लू म्हटलं तर सगळी शेड रिकामी करावी लागते. मी पोल्ट्रीवाल्याला दोष देत नाही. कर्ज काढून वीस हजार कोंबड्या पाळणाऱ्या माणसाने आपल्या तोंडाने आपलं दिवाळं जाहीर करावं, अशी अपेक्षा आपण ठेवली होती आणि त्याच्या हातात काय देणार ते आधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी, १८ फेब्रुवारी २००६ ला, भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला. राणीखेत नव्हे, एच५. तोवर हजारो कोंबड्या मरून गेल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी उघड्यावर टाकल्या गेल्या होत्या.

मानमोडी या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. हा शब्द आपल्याकडे कोंबडीच्या आधीच माणसालाही लागलेला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रातल्या खेड्यांनी मानमोडीच म्हटलं. जूनमध्ये मुंबईच्या बंदरात तो उतरला, पावसाळा सरताना दुसऱ्या लाटेत उसळला आणि हिंदुस्थानात त्याने कोटीहून अधिक माणसं नेली. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक होता. त्या वेळी रोगाचा विषाणू कुणाला दिसला नव्हता, तो कुठून आला हे तर दूरच. पुढे ऐंशीहून अधिक वर्षांनी, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मृत सैनिकांच्या जपून ठेवलेल्या ऊतींतून आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसातून त्या विषाणूची जनुकरचना तुकड्यातुकड्याने जुळवली. ती पूर्ण झाल्याचं ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पक्ष्यांमधल्या विषाणूंशी तिचं जवळचं नातं होतं. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी नवापूरच्या कोंबड्या मेल्या. पक्ष्याची मानमोडी आणि माणसाची मानमोडी एकाच शब्दात बसवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे नातं माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी भाषेत ते शेजारी शेजारी ठेवलं गेलं होतं.

पक्ष्याचा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. विषाणूला पेशीत शिरायला जी कडी लागते ती पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासमार्गात एका प्रकारची असते, माणसाच्या नाकाघशात दुसऱ्या प्रकारची. पक्ष्यासारखी कडी माणसात आहे, पण फुप्फुसाच्या तळाशी. म्हणून लागण विरळ होते, आणि झाली तर थेट तळाशी होते व न्यूमोनियाने माणूस जातो. नवापूरच्या बातमीच्या दिवशी जगात एच५एन१ ने नव्वदहून अधिक माणसांचा बळी घेतलेला होता. लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचले नव्हते.

उगम शोधायचा म्हणजे काय करायचं, हे जगाने हाँगकाँगात शिकून घेतलं होतं. १९९७ च्या मे महिन्यात तिथे तीन वर्षांचा एक मुलगा न्यूमोनियाने गेला. त्याच्या घशातला विषाणू कुठल्याच नेहमीच्या फ्लूशी जुळेना. तो एच५एन१ निघाला, आणि मग मागे वळून पाहिल्यावर दिसलं, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या ग्रामीण भागातल्या कोंबड्या याच विषाणूने मेल्या होत्या. पक्ष्यांची मर आधी झाली, माणूस नंतर गेला. वर्षाच्या शेवटी आणखी रुग्ण आले, एकूण अठरा, त्यांतले सहा दगावले. आजारी माणसांना आणि त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच शेजारच्या धडधाकट माणसांना सारखेच प्रश्न विचारले गेले. काय खाल्लंत, कुठे गेलात, कुणाला भेटलात? फरक एका उत्तरात पडला. आजारी पडण्याआधीच्या आठवड्यात रुग्ण जिवंत कोंबड्यांच्या बाजारात गेले होते. डिसेंबरच्या अखेरीस हाँगकाँगने शहरातल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या आणि त्या साथीत माणसांना होणारी लागण थांबली.

नवापूरला पथकं उतरली ती हाच अनुभव गाठीला घेऊन. बाधित शेडभोवती आधी तीन किलोमीटरचं वर्तुळ, त्यातल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. बाहेर दहा किलोमीटरचं वर्तुळ, त्यात लक्ष ठेवायचं. वर्तुळाला राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळे ते गुजरातेत उच्छल तालुक्यात गेलं, आणि तिथल्या पोल्ट्रीतही रोग निघाला. जेसीबीने खड्डे खणले, मेलेल्या कोंबड्यांवर चुन्याचे थर पडले, अंडी आणि खाद्यही त्यातच गेलं. मारणाऱ्या कामगारांना ओसेल्टामिवीर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या जात होत्या.

दुसरीकडे आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरत होती. ताप आहे का? खोकला? कोंबड्यांना कोण हात लावतं, विष्ठा कोण काढतं, मेलेली कुणी उचलली? ज्यांना ताप होता त्यांच्या घशातले नमुने आणि रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आणि दिल्लीला गेले. पुण्याच्या या संस्थेला असल्या शोधाची जुनी सवय होती. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा हीच संस्था तिथे गेली होती. क्यासनूरच्या त्या तापाचा माग गोचिडांपर्यंत गेला, आणि जंगलात चरायला जाणारी गुरं त्या गोचिडांना पोसतात हेही तिथेच उमगलं. नवापूरच्या नमुन्यांची उत्तरं एकामागून एक आली. एकाही माणसात एच५एन१ सापडला नाही. २००६ च्या संपूर्ण साथीत भारतात एकही मानवी रुग्ण निघाला नाही.

पण त्या दिवसांत हे कुणाला ठाऊक होतं? चिकनचे भाव कोसळले, अंडी पडून राहिली. रेल्वेने गाड्यांमधून चिकन आणि अंडी बंद केली. नवापूरपासून शेकडो किलोमीटरवरचे पोल्ट्रीवाले, ज्यांची एकही कोंबडी आजारी नव्हती, ते बुडाले.

मग मार्चच्या मध्यावर रोग जळगाव जिल्ह्यात दिसला. हातेड चोपडा तालुक्यात, मारूळ यावलमध्ये, सावदा रावेरमध्ये, साळवे धरणगावकडे. चार गावं, चार वेगळे तालुके. आणि इथे मोठ्या पोल्ट्री नव्हत्या, होती ती अंगणातली गावरान कोंबडी.

नवापूरची रीत इथे चालली नाही. शेडमधल्या कोंबड्या मोजता येतात, दार बंद करता येतं, मालक एक असतो. गावरान कोंबडी दिवसभर उकिरड्यावर फिरते, शेजाऱ्याच्या अंगणात दाणे टिपते, संध्याकाळी आपल्या खुराड्यात किंवा डालग्याखाली येते. तिचा हिशेब घरातल्या बाईकडे असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि तडवी वस्त्यांत तर कोंबडी म्हणजे हाताशी असलेला पैसा : औषधाला, वहीला, पाहुण्याला, देवाला. असल्या घरात पांढऱ्या पोशाखातला माणूस पिशवी घेऊन येतो आणि धडधाकट दिसणारी कोंबडीही मागतो. अंड्यावरच्या कोंबडीचा दर सरकार ठरवू शकतं. देवाला बोललेल्या कोंबड्याचा दर कोण ठरवणार? कोंबड्या माळ्यावर गेल्या, नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेल्या. लपवलेली कोंबडी ज्या वाटेने जाते त्या वाटेने रोगही जातो, हे पथकाला कळत होतं. बाईला तिच्या कोंबड्या दिसत होत्या.

माझ्या मते या साथीचा खरा इतिहास नवापूरच्या खड्ड्यांपेक्षा या अंगणांत जास्त आहे. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे नमुना यावा लागतो, आणि नमुना तेव्हाच येतो जेव्हा कुणीतरी म्हणतं, आमच्याकडे काल चार मेल्या. ते वाक्य उच्चारणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली, तर पुढच्या वेळी ते वाक्य येत नाही. नुकसानभरपाईसाठी घराघराचे पंचनामे झाले, कुणाच्या किती कोंबड्या होत्या याच्या याद्या झाल्या. हिशेबाचे कागद म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं. मला त्या रोगाच्या शोधाच्याही याद्या वाटतात, कारण आजारी कोंबडीला कोणकोणत्या घरातले हात लागले हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरा कुठलाच कागद सांगू शकत नाही.

चार तालुक्यांतल्या या चार गावांना जोडणारं काय होतं? संशय घ्यायला जागा पुष्कळ. आठवडे बाजार, जिथे एका पिंजऱ्यात दहा गावांच्या कोंबड्या बसतात. सायकलीला उलट्या टांगून कोंबड्या विकत फिरणारे. अंड्यांचे ट्रे, जे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न धुता जातात. खाद्याची रिकामी पोती. आणि कोंबडीखत. रावेर-यावलपासून बुऱ्हाणपूरपर्यंत केळीचा पट्टा आहे, आणि केळीला कोंबडीखत लागतं. ट्रकच्या ट्रक खत एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातं, आणि पक्ष्याच्या विष्ठेत हा विषाणू थंडीच्या दिवसांत बरेच दिवस तग धरतो.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला एक सोपी वस्तू गावातच आहे. कुंडी भंडारा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, सातपुड्यातून तापीकडे झिरपणाऱ्या पाण्याचा जमिनीखाली माग काढून ही व्यवस्था उभी केली गेली. वरून पाहिलं तर शेतांत, झाडीत विखुरलेली विहिरींची तोंडं दिसतात, शंभराच्या वर. एकीचा दुसरीशी संबंध आहे असं वाटतही नाही. खाली उतरलं की एकच बोगदा आणि एकच वाहतं पाणी. २००६ च्या मार्चमध्ये हातेड, मारूळ, सावदा, साळवे आणि शेवटी इच्छापूर ही नावं वर्तमानपत्रात अशीच सुटी सुटी छापून येत होती.

इच्छापूरला रोग पोचला तोवर दीड महिना उलटला होता आणि कामाची पद्धत बसली होती. मारलेल्या कोंबड्यांचा आकडा नवापूरसारखा लाखांत नव्हता, हजारांतच आटोपला. अडचण वेगळी होती. इच्छापूरभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्याचा मोठा हिस्सा महाराष्ट्रात मुक्ताईनगर तालुक्यात पडतो. एकाच वर्तुळात दोन राज्यांची पशुसंवर्धन खाती, दोन आरोग्य खाती, दोन जिल्हाधिकारी. आणि बुऱ्हाणपूर जिल्हा तर २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा झालेला, अडीच वर्षांचा. इकडचा माणूस तिकडच्या बाजारात कोंबडी विकतो, तिकडची सून इकडे नांदते. ताप आलेल्या माणसाला बुऱ्हाणपूरला न्यायचं की भुसावळ-जळगावला, हे घरचे लोक एसटी कुठली मिळते त्यावर ठरवतात. रोगाचा माग काढणाऱ्यांना ही सगळी नाती शिकावी लागतात.

भोपाळच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या कोंबड्यांतल्या विषाणूची जनुकं तपासून प्रसिद्ध केली. ती इराण आणि इटलीत त्याच हिवाळ्यात मेलेल्या हंसांतल्या विषाणूशी मिळतीजुळती निघाली. हे सगळं घराणं चीनमधल्या छिंगहाय सरोवराकडे जातं. २००५ च्या उन्हाळ्यात तिथे हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकदंब हंस सर्वांत जास्त. हेच हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात, पैठणच्या नाथसागरावरही उतरतात. त्यामुळे बोट लगेच पाहुण्या पक्ष्यांकडे गेलं. मला ते पुरेसं वाटत नाही. सरोवरावरचा पक्षी पिंजऱ्यातल्या कोंबडीपर्यंत स्वतःहून जात नाही. मधे पाणी असतं, बूट असतात, ट्रे असतात, माणूस असतो. आणि नवापूरपासून इच्छापूरपर्यंतची वाट आकाशातून आली असं म्हणण्यापेक्षा ती बाजारांतून आणि रस्त्यांवरून आली, हे त्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही जास्त पटेल.

एप्रिलनंतर नवी गावं निघाली नाहीत. तिन्ही राज्यांत मिळून दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या होत्या. ११ ऑगस्ट २००६ ला भारताने स्वतःला बर्ड फ्लूमुक्त जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मणिपूर, आणि २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये अंगणातल्या कोंबड्यांची फार मोठी साथ. जळगावात जी अडचण चार गावांत आली होती ती तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली. नवापूरला पोल्ट्री पुन्हा उभ्या राहिल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, बरोबर पंधरा वर्षांनी, पुन्हा रिकाम्या कराव्या लागल्या. त्याच वर्षीच्या जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा एच५एन१ ने गेला. भारतातला तो पहिला मानवी बळी. त्याच्या घराच्या परिसरात पशुसंवर्धन खात्याला पक्ष्यांत रोगाचा संशयही आढळला नाही.

२०२५ च्या सुरुवातीला सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाला, छिंदवाड्यात, घरातली पाळीव मांजरं मरू लागली. ताप, धाप, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपला. नमुने भोपाळलाच गेले आणि एच५एन१ निघाला. या वेळी मांजरापासून मागे जायचं होतं. मांजर काय खातं? मालकाने आणलेलं कच्चं चिकन. ते कुठून आणलं? बाजारातून. पथक बाजारात गेलं, तिथल्या कोंबड्यांचे आणि फरशीवरचे नमुने घेतले, आणि विषाणू तिथे सापडला. दुकानं बंद झाली. मग दुकानदार, मांजरांचे मालक आणि त्यांना हाताळणारे पशुवैद्यक यांना रांगेत बसवून त्यांच्या घशातले नमुने घेतले गेले आणि पुण्याला पाठवले गेले.

इच्छापूरला आजही सकाळी अंगणात डालगं उचललं की कोंबड्या उकिरड्याकडे पळतात. संध्याकाळी त्या परत येताना एखादी कमी भरली, तर ते पहिल्यांदा घरातल्या बाईला कळतं.